संडे स्कूलच्या मुलांना होडीत बसव

«ताई, जय ख्रिस्त. मी चोवीस वर्षांची आहे, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. आमच्या आधीच्या टीचर लग्न होऊन पुण्याला गेल्या आणि जूनपासून पाळकसाहेबांनी संडे स्कूल माझ्याकडे दिलं. वीस-बावीस मुलं आहेत. सगळ्यात लहान चार वर्षांचं, सगळ्यात मोठा चौदाचा. चर्चच्या मागची एकच खोली, सतरंजी आणि फळा. मोठ्यांची उपासना चालू असते तेवढी पन्नास मिनिटं मला मिळतात. मी गोष्ट सांगते, मग रंगवायला चित्रं देते. पाच मिनिटांत चित्रं संपतात आणि मारामारी सुरू होते. मोठी मुलं मागे मोबाइल काढून बसतात. परवा योनाची गोष्ट काढली तर त्यातला एक म्हणाला, ‘टीचर, ये तो हमको पता है.’ व्हिडिओ लावला की तेवढ्यापुरती शांत होतात. एक मुलगी तर तोंडच उघडत नाही. पालक विचारतात, वचन पाठ झालं का, नाताळचा कार्यक्रम बसवायला घेतला का. खर्चाला महिन्याचे पाचशे रुपये मिळतात. मुलं रमतील अशा ॲक्टिव्हिटींची यादी द्याल का? आणि खरं सांगा, मला हे जमेल का? — उत्तर नागपुरातली एक टीचर»

प्रिय बेटा,

जय ख्रिस्त. तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. तुला हे जमेल. बावीस मुलांच्या गोंधळात एक मुलगी बोलत नाही हे तुझ्या लक्षात आलं आणि ते पत्रात लिहावंसं वाटलं, मला एवढं पुरे आहे. गाणं, चित्रकला, मोठ्या आवाजात बोलणं हे शिकता येतं, नाहीतर दुसऱ्याकडून करून घेता येतं. मुलांकडे लक्ष असणं उसनं आणता येत नाही, आणि ते तुझ्याकडे आहे.

यादी मात्र मी देत नाही. यादी घेऊन तू दर शनिवारी रात्री त्यातलं एक काम उचलशील, रविवारी गोष्टीनंतर मुलांपुढे ठेवशील, आणि तेही पाच मिनिटांत संपेल. तुझी अडचण ॲक्टिव्हिटी कमी पडतात ही नाही. गोष्ट एकीकडे आणि काम दुसरीकडे, अशी फारकत झाली आहे. माशाच्या पोटात गेलेल्या योनाची गोष्ट ऐकली आणि मग मासा निळा रंगवला. मासा निळा झाला म्हणून योनाबद्दल मुलाला काय नवं कळलं? भाजी उतरवल्यावर वरून भुरभुरलेल्या मिठासारखं ते काम वरच राहतं. गोष्टीतली माणसं जे करतात ते मुलांच्या हातापायांनी झालं पाहिजे. त्यांनी मोजावं, पेरावं, चालावं, शोधावं, घाबरावं, वाट पाहावी. बायबलमधल्या बहुतेक गोष्टींत असं काहीतरी करण्यासारखं आहेच. एक-एक ओळ सावकाश वाचत गेलीस की ते सापडतं.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स यांनी संडे स्कूल चालवलं ते कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठी. त्या मुलांना आठवड्यात रविवार हा एकच मोकळा दिवस होता आणि दुसरी कुठलीच शाळा नव्हती, म्हणून रविवारी लिहा-वाचायला शिकवावं लागलं. तुझ्या मुलांचं उलट आहे. सहा दिवस शाळा, वर संध्याकाळी ट्यूशन. रविवारीही त्यांना रांगेत बसवून, वही उघडायला लावून, हात वर करून उत्तरं द्यायला लावलीस तर त्यांच्या अंगात जे येतं ते कंटाळ्याचं असतं, नास्तिकपणाचं नसतं. फळा खोलीत राहू दे, पण महिन्यातून एखाद्या वेळीच त्याच्याकडे वळ.

आता प्रत्यक्ष कामाचं. मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढ आणि पुढचा पूर्ण महिना त्यातच राहा. त्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत येशू होडीत बसतो आणि लोक काठावर असतात. होडीतूनच तो पेरणाऱ्याचा, म्हणजे चार तऱ्हेच्या जमिनींवर पडलेल्या बियांचा, दाखला सांगतो, नंतर मोहरीच्या दाण्याचा. आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्याच होडीतून ते पलीकडे निघतात नि वादळ येतं. आपण हे तुकडे वेगवेगळ्या रविवारी, वेगवेगळ्या चित्रांसह सांगतो, त्यामुळे हा सगळा एकाच दिवसाचा प्रसंग आहे हे मोठ्यांनाही ठाऊक नसतं. तुझ्या मुलांना ते कळू दे.

पहिल्या रविवारी होडी आखायची. १९८६ मध्ये दुष्काळामुळे गालील सरोवराचं पाणी खाली गेलं तेव्हा काठच्या चिखलात एक जुनी लाकडी होडी सापडली. ती येशूच्या काळाच्या आसपासची आहे. ती येशूचीच होती असं मुलांना सांगू नकोस, कारण तसं म्हणायला काही आधार नाही. पण त्या काळचे कोळी कसल्या होडीतून जात ते तिच्यावरून समजतं. लांबी आठ मीटरच्या थोडी वर, रुंदी साधारण सव्वादोन मीटर. वेगवेगळ्या जातींच्या लाकडांचे तुकडे जोडून ती पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेली होती, म्हणजे वापरणारे काही श्रीमंत नव्हते. सुतळी, टेप आणि खडू मोठ्या मुलांच्या हातात दे आणि हे माप जमिनीवर आखायला लाव. खोलीत मावली नाही तर चर्चच्या आवारात आख. पोट्टे आपसात भांडतील, एकजण म्हणेल टोक निमुळतं हवं, दुसरा म्हणेल मापात चूक झाली. भांडू दे, ते कामाचं भांडण आहे. होडी झाली की तेरा जणांना आत बसव. गुडघ्याला गुडघा लागतो. मग विचार, यात झोपायला जागा कुठे आहे? सगळी मुलं एकमेकांकडे बघतात. मार्क सांगतो की येशू होडीच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपला होता. ती उशी फक्त मार्कनेच टिपली आहे. घरून एक उशी आणून ठेव. ‘हमको पता है’ म्हणणाऱ्या मुलालाही उशीचं ठाऊक नसतं.

पण वादळ पहिल्या रविवारी आणू नकोस. पहिल्या रविवारी होडीत एकटी तू बस, मुलांना काठावर बसव आणि पेरणाऱ्याचा दाखला सांग. सांग म्हणजे सांग, वाचू नकोस. तिथून मेथी सुरू होते.

चहाचे कागदी कप घे, बुडाला सुईने भोक पाड. चार-चार कपांचा एक संच कर. पहिल्या कपात माती भरून अंगठ्याने दाबून दाबून कडक करायची, ती पायवाट. दुसऱ्यात मुरूम भरून वर बोटभर माती, ती खडकाळ जमीन. तिसऱ्यात आवारातलं गवत मुळांसकट खच्चून लावायचं, ती काटेरी झुडपं. चौथ्यात आपली काळी माती, थोडं शेणखत मिसळून भुसभुशीत केलेली. चारही कपांत मेथीचे सारखेच दाणे टाकायचे. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, त्यामुळे पुढच्या रविवारी मुलांना वाट पाहिल्याचं काहीतरी हाती लागतं. मोहरीही चालते. कुठला संच कोणाच्या घरी जाईल ते चिठ्ठीवर लिही आणि मधल्या दिवसांत पाणी घालायची जबाबदारी त्या मुलावर टाक. कप उन्हात ठेवायला सांग, त्याचं कारण पुढे येतं.

दुसऱ्या रविवारी कप परत आले की आधी काही बोलू नकोस. मुलांना बघू दे. पायवाटेवरचे दाणे जसेच्या तसे वर पडलेले असतात, कोणाच्या गच्चीत चिमण्यांनी नाहीतर साळुंक्यांनी टिपलेले असतात. आणि मुरमावरच्या उथळ मातीत बघ, तिथे मेथी बरेचदा सगळ्यात आधी डोकं काढते. मुलं म्हणतात, ‘टीचर, हे तर पहिलं आलं.’ ते कप आणखी आठवडाभर उन्हात राहू दे. आपलं ऊन त्या रोपांना माना टाकायला लावतं. दाखल्यात अगदी हेच लिहिलं आहे: माती खोल नव्हती म्हणून लगेच उगवलं आणि मूळ नव्हतं म्हणून उन्हात वाळलं. ज्याने हा दाखला सांगितला त्याला शेत माहीत होतं. मुलाने स्वतःच्या कपात हे पाहिलं की तुला समजावून सांगायला फारसं उरत नाही. एखाद्याच्या चौथ्या कपातही काही आलं नाही तर त्याला अपराधी वाटू देऊ नकोस. पाणी जास्त झालं का, दाणे फार खोल गेले का, ते सगळ्यांनी मिळून शोधा.

आता त्याच दुसऱ्या रविवारी संध्याकाळ करायची. खिडक्यांवर चादरी टाक. होडी पुन्हा आख, आत तेरा जण. मोठ्या मुलांना वादळाचं काम दे. दोघांनी जुन्या चादरीची टोकं धरून लाटा करायच्या, एकाने स्टीलच्या ताटावर विजा, बाकीच्यांनी आधी एका बोटाने, मग दोन, मग पूर्ण तळहाताने जमिनीवर पाऊस. वादळ एकदम का आलं तेही सांग. गालीलचं सरोवर समुद्रसपाटीच्या साधारण दोनशे मीटर खाली आहे, भोवती डोंगर, आणि डोंगरावरचा गार वारा खाली झेपावला की बघता बघता पाणी खवळतं. हे सरोवर आपल्या अंबाझरी तलावापेक्षा कितीतरी मोठं, लांबीच वीस किलोमीटरच्या वर, त्यामुळे मध्यावर अडकलं की काठ जवळ नसतो. आवाज टिपेला पोचला की हात वर कर आणि सगळ्यांनी एका क्षणात थांबायचं. हे थांबणं आधी दोनदा सराव करून घे, नाहीतर पुढे उपासनेला बसलेल्यांना त्रास होईल. वादळ शांत झाल्यावर होडीत बसलेल्यांना एकच प्रश्न विचार. शिष्य येशूला उठवून म्हणाले की आम्ही बुडतोय, तुला काहीच वाटत नाही का? असं तुम्हाला कधी कोणाला म्हणावंसं वाटलं?

इथे घाई करू नकोस. पहिलं उत्तर परीक्षेचं येईल. मग कोणी घरातल्या भांडणाचं सांगेल, कोणी आजोबा दवाखान्यात होते तेव्हाचं. काही मुलं नुसती ऐकतील. ताबडतोब शिकवण काढून हातात देऊ नकोस. ऐकून घे आणि त्या-त्या मुलाचं नाव घेऊन छोटी प्रार्थना कर. संडे स्कूल ज्यासाठी असतं ते इथे घडतं, आणि त्यासाठी खडू, सुतळी आणि चादर एवढंच लागलं.

मोठ्या मुलांबद्दल आणखी सांगते, कारण तुझा वर्ग त्यांच्यावर तरतो किंवा बुडतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला चार वर्षांच्या मुलाबरोबर तोच कागद रंगवायला दिला तर तो मोबाइलच काढणार. मोबाइल हिसकावण्यात शक्ती घालवू नकोस, काम दे. पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे: मत्तय १४, मार्क ६, लूक ९, योहान ६. पुनरुत्थान सोडलं तर चारही जणांनी सांगितलेला हा एकच चमत्कार. मोठ्यांच्या चार जोड्या कर, प्रत्येक जोडीला एक शुभवर्तमान दे आणि फरक शोधायला लाव. ज्याच्याजवळ त्या भाकरी आणि मासे होते तो लहान मुलगा कुठल्या शुभवर्तमानात आहे? भाकरी जवाच्या होत्या हे कोणी लिहिलं? दोन्ही फक्त योहानात सापडतं. जव म्हणजे गरिबाचं धान्य, आणि हे एकदा लक्षात आलं की त्या मुलाच्या डब्याकडे मुलं वेगळ्या नजरेने बघतात. नाताळच्या आधी विचार, बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक किती होते? सगळे म्हणतील तीन. मत्तयात संख्या दिलेलीच नाही, भेटवस्तू तीन आहेत. माग्यांचं सापडलं की पोट्टे स्वतःहून पुढची अशी जागा हुडकायला लागतात.

त्याच मुलांना आपल्या शहराचंही शोधायला दे. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली आणि टाकळीच्या खडकांतले जीवाश्मही गोळा केले. १८६३ च्या पावसाळ्यात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना ते पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले. दगड, जीवाश्म, पूर, हे ऐकल्यावर कुठला तेरा वर्षांचा मुलगा मागे बसून राहील? तशी शिळावर्तुळं काटोल रोडवर जुनापाण्यालाही आहेत, हिवाळ्यात पालकांना बरोबर घेऊन तिथे सहल काढता येते. आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी हेही सांग की २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती इथेच, नागपुरात. तुझी मंडळी कुठल्या पंथाची ते तू लिहिलं नाहीस, पण आपल्या गावात घडलेलं हे प्रत्येक मुलाला ठाऊक असावं.

बाकी गोष्टींतलं काम असंच निघतं. दावीदाने पाडलेल्या गल्याथची उंची सहा हात आणि एक वीत दिली आहे, भिंतीवर खडूने तेवढी खूण कर आणि मुलांना तिच्याशेजारी उभं कर. नोहाचं तारू तीनशे हात लांब. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात धरला तर साधारण एकशे पस्तीस मीटर होतं. चर्चसमोरच्या रस्त्यावर रहदारी नसेल तेव्हा पावलांनी मोजून येता येतं. हरवलेलं नाणं शोधताना त्या बाईने दिवा लावला आणि घर झाडलं, तर मुलांना खरंच केरसुणी द्या. खोलीही स्वच्छ होते.

एका गोष्टीत मात्र नाटक करू नकोस. दहा कुष्ठरोगी बरे झाल्याची गोष्ट आली की काही ठिकाणी मुलांच्या अंगाला पट्ट्या गुंडाळतात, लंगडायला लावतात आणि सगळे हसतात. विदर्भात तरी हे करू नये. वरोऱ्याचं आनंदवन इथून शंभर-एक किलोमीटरवर आहे, आणि वाळीत टाकलेल्या माणसांनी तिथे शेतं आणि कारखाने उभे केले आहेत. मुलांना सांग की कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, तो शाप नाही, औषधांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ती औषधं फुकट मिळतात. मग विचार की त्या दहा जणांना सगळ्यात जास्त कशाची आठवण येत असेल. मुलांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात: आईच्या हातचं जेवण, मित्र, कोणीतरी जवळ बसणं.

भाषेचं तू विचारलं नाहीस, पण पत्रातून दिसलं. तुझी मुलं घरात मराठी, मैदानावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. छापील मराठी बायबलची भाषा त्यांना जड जाते. गोष्ट त्यांच्या बोलण्यातल्या मराठीत सांग, मध्ये हिंदी आलं तर येऊ दे, आणि मग त्यातली एक-दोनच वाक्यं बायबलमधून मोठ्याने वाचून दाखव. गोष्ट आधी समजलेली असली की तीच भारदस्त भाषा त्यांना आवडते. रांगेने एक-एक ओळ वाचायला मात्र कधीच लावू नकोस. ज्याला मराठी नीट वाचता येत नाही तो आपली पाळी यायच्या भीतीत बाकी काहीच ऐकत नाही.

आणि गाणं. स्पीकरवर इंग्रजी ॲक्शन साँग लावून हात हलवण्यापेक्षा मंडळीत कोणाला पेटी किंवा ढोलकी येते ते विचार. अहमदनगरकडच्या (आताच्या अहिल्यानगरकडच्या) मराठी मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तन एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि ना. वा. टिळकांनी ते पुढे नेलं. तू कीर्तनकार व्हावंस असं म्हणत नाही. पण थोडी गोष्ट सांगायची, मध्येच झांजा वाजवून एक ध्रुवपद सगळ्यांनी म्हणायचं, पुन्हा गोष्ट पुढे न्यायची, ही रीत लहान मुलांना बांधून ठेवते. ध्रुवपद मुलांनाच जुळवू दे.

वचन पाठांतरासाठी पालक मागे लागणारच, आणि त्यात गैर काही नाही. लहानपणी पाठ झालेलं स्तोत्र २३ म्हातारपणी दवाखान्यातल्या खाटेवर ओठांवर येतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. फक्त ते उभं करून म्हणवून घेऊ नकोस. जमिनीवर बिल्लसचे घर आख, प्रत्येक चौकोनात एक शब्द लिही, लंगडी घालत म्हणायचं. दर फेरीला एक शब्द पुसत जायचं. शेवटच्या फेरीला पूर्ण वचन रिकाम्या चौकोनांवर उभं असतं. महिन्याला एकच वचन पुरे, ज्या गोष्टीत महिना घालवला तिच्यातलंच.

बक्षिसांविषयी माझं मत कडक आहे. हजेरीचे स्टार लावू नकोस. आठ वर्षांचं मूल रविवारी येतं की नाही हे त्याच्या हातात नसतं. वडिलांची रविवारची ड्यूटी असते, आई आजारी असते, घरी एकच गाडी असते. ज्याच्या घरी अडचण, त्याच्याच नावापुढे रिकाम्या जागा दिसतात आणि त्या भिंतीवर सगळ्यांना दिसतात.

आता ती न बोलणारी मुलगी. तिला बोलतं करायचं असं ठरवून तिच्याजवळ जाऊ नकोस. तिला हाताचं काम दे आणि ते कायम तिचंच राहू दे: खडू वाटणं, कपांवर नावं लिहिणं, होडीत उशी ठेवणं. मोठ्याने प्रार्थना कर असं तिला कधी म्हणू नकोस. आली की नावाने हाक मार, गेली की नावाने निरोप दे. तिच्या आईला एकदा सहज विचार की ती घरी आणि शाळेत बोलते का. कुठेच बोलत नसेल, किंवा अलीकडेच बोलायची बंद झाली असेल, तर ते नुसतं लाजणं नसू शकतं आणि आईने तिला डॉक्टरांना दाखवायला हवं.

याच्याच जोडीला एक गोष्ट पाळकसाहेबांकडे या आठवड्यातच माग, आणि ती मिळेपर्यंत माग. खोलीत नेहमी दोन मोठी माणसं हवीत. तू एकटी नको, दुसरं कोणीही एकटं नको. दार उघडं राहिलं पाहिजे. लहान मूल ज्याने सोडलं त्याच्याच, किंवा त्याने सांगितलेल्या माणसाच्याच, हाती द्यायचं. होडीतल्या प्रश्नासारखे प्रश्न विचारलेस की मुलं खरं बोलतात, आणि कधीतरी एखादं मूल असं काही सांगेल की तुझ्या अंगावर काटा येईल. तेव्हा ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग आरोप मंडळीतल्या कितीही मोठ्या माणसावर असो. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ हा नंबर खोलीच्या भिंतीवर मुलांना दिसेल असा लाव.

नाताळच्या कार्यक्रमाचं थोडक्यात सांगते. पाठ केलेले संवाद आणि माइकची ओढाताण सोडून दे. लूकचा दुसरा अध्याय दोन मोठी मुलं सावकाश वाचतील आणि बाकीची सगळी मुलं मूकपणे करतील. बावीसच्या बावीस. मेंढरं कितीही असू शकतात, देवदूतही. आणि मरीयेचं काम दरवर्षी वर्गातल्या गोऱ्या मुलीलाच जातं, ते यंदा जाऊ देऊ नकोस. चिठ्ठी टाक. एखादी आई नाराज होईल, होऊ दे. डिसेंबरात आपल्याकडे रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा देवदूतांच्या पांढऱ्या झग्यांखाली स्वेटर घालायला पालकांना आधीच सांगून ठेव.

राहिले पाचशे रुपये. कागद, खडू आणि सुतळी इतवारीत ठोक भावाने एकदाच आण, वर्षभर पुरतात. मेथीचे दाणे तुझ्या घरातच असतील. रंगवायच्या चित्रांच्या प्रिंटवर जे पैसे जात होते ते आता वाचतील, त्यांतून मुलांना खाऊ घाल. सकाळी सातला तयारी करून निघालेली मुलं दहापर्यंत उपाशी असतात, आणि तुझ्या वर्गातली अर्धी मारामारी मला तरी भुकेची वाटते. आल्या-आल्या एक-एक केळं किंवा चिक्की दे, शेवटी नाही, सुरुवातीलाच. नोव्हेंबर लागला आणि भाव उतरले की संत्री आण.